यंत्र, आयात-निर्यात आणि मजुरी : आपल्या गावच्या धंद्यात नेमके काय बदलले, हे कसे तपासावे

कापडधंद्यावर जगणाऱ्या गावात रोजगाराचा विषय निघाला, की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. नव्या यंत्रांनी कामगारांच्या पोटावर पाय आणला, हे एक. आणि बाहेरच्या स्वस्त मालाने धंदा बसवला, हे दुसरे. दोन्हींत तथ्य असू शकते, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात आणि कधी कधी खरे कारण या दोहोंच्या बाहेरच असते. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे कळल्याशिवाय कोणाकडे काय मागायचे हेही ठरत नाही. यंत्रामुळे गेलेले काम आयातशुल्क वाढवून परत येत नाही आणि आयातीमुळे बुडालेला धंदा यंत्रखरेदीचे अनुदान देऊन तरत नाही. म्हणूनच हा तपास गावपातळीवर, हाताशी असलेल्या साधनांनी कसा करावा, हे येथे मांडले आहे. अर्थशास्त्राचे विद्यार्थी, स्थानिक पत्रकार आणि कामगार संघटनांचे कार्यकर्ते यांना तो करता येईल. त्यासाठी त्रैराशिकापलीकडचे गणित लागत नाही, चिकाटी मात्र लागते.

उदाहरण इचलकरंजीचे घेतले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातल्या या गावात १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे ते 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणून ओळखले जाऊ लागले. येथे साधे माग आणि शटललेस (बिनधोट्याचे, वेगवान) माग शेजारी शेजारी चालतात, मजुरीचे दर उघडपणे बोलले जातात आणि सुतापासून कापडापर्यंतचे बहुतेक टप्पे गावातच पाहता येतात. हीच पद्धत भिवंडी, मालेगाव, सोलापूर किंवा विटा येथेही वापरता येईल.

प्रश्न आखून घ्यावा

'तंत्रज्ञानामुळे रोजगार घटला का?' हा प्रश्न तपासता येत नाही, कारण तो फार मोठा आहे. धंदा कोणता, गाव कोणते, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आणि कोणाचे उत्पन्न, या चार गोष्टी आधी लिहून काढाव्यात. यांपैकी वर्षांची निवड सर्वांत अवघड असते आणि बहुतेक अहवाल तेथेच घसरतात. मंदीचे वर्ष सुरुवातीला धरले तर पुढचे सारे चित्र आपोआप चांगले दिसते; तेजीचे वर्ष धरले तर वाईट. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, जुलै २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर आणि २०२० ची टाळेबंदी यांच्या लगतची वर्षे तुलनेसाठी शक्यतो टाळावीत, कारण त्या काळात यंत्र आणि व्यापार यांखेरीज इतर अनेक गोष्टी एकदम हलल्या.

त्याऐवजी कापडधंद्याच्या स्वतःच्या इतिहासातील खुणा वापराव्यात. एप्रिल १९९९ मध्ये केंद्र सरकारची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना सुरू झाली आणि नव्या यंत्रांच्या कर्जावरील व्याजात ५ टक्क्यांची सवलत मिळू लागली. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. १९७४ पासून श्रीमंत देशांनी कापडाच्या आयातीवर घातलेली कोट्याची बंधने टप्प्याटप्प्याने सैल होत १ जानेवारी २००५ रोजी संपली. २०११ मध्ये भारताने बांगलादेशच्या तयार कपड्यांना शुल्कमुक्त प्रवेश दिला. यांतील पहिली घटना यंत्राची आणि उरलेल्या तीन व्यापाराच्या आहेत. पण १९९९ ते २००५ हा काळ पाहिला, तर दोन्ही एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत ते लक्षात येते. परदेशी ग्राहकाला रुंद पन्ह्याचे, बिनडागाचे, लांबच लांब सलग कापड हवे असते आणि ते साध्या मागावर धडपणे निघत नाही. निर्यातीचे दार उघडले म्हणून शटललेस माग आले आणि ते घेण्यासाठी व्याजसवलत होती. अशा ठिकाणी 'यंत्र की व्यापार' असे निवडायला लावणारा प्रश्न न विचारता, आधी काय आले आणि त्यामागून काय आले, हा क्रम नोंदवावा.

मागाभोवतीची माणसे मोजावीत

विणकर मोजले म्हणजे कामगार मोजले, असा समज सोडून द्यावा. एका साध्या मागाच्या कारखान्याभोवती आडव्या धाग्याच्या कांड्या भरणारे, बिमाची (उभ्या धाग्यांच्या रुळाची) जोडणी करणारे वहिफणी कामगार, माग बिघडला की धावून येणारा जॉबर, सायझिंगमधील (सुताला खळ देणारे) कामगार, कापडाची घडी घालणारे, तपासणारे, हिशेब ठेवणारे दिवाणजी आणि गाठी उचलणारे हमाल, अशी मोठी साखळी असते. यंत्र बदलते तेव्हा या सगळ्यांवर सारखा परिणाम होत नाही. शटललेस मागाला कांडी वाहून नेणारा धोटा नसतो. आडवा धागा थेट कोनावरून (सुताच्या मोठ्या शंकूसारख्या गुंडाळीवरून) येतो. म्हणजे तेथे कांडी भरण्याचे कामच उरत नाही, आणि जेथे हे काम बायका करतात तेथे पहिला फटका त्यांना बसतो. याउलट, इलेक्ट्रॉनिक भाग समजणाऱ्या दुरुस्ती कारागिराची मागणी आणि मजुरी वाढते. एकाच यंत्राने खालचे काम पुसले आणि वरचे काम महाग केले, तर विणकरांची संख्या तेवढीच राहिली तरी गावातील विषमता वाढते. ही गोष्ट एकूण आकड्यात कधीच दिसत नाही.

म्हणून कामांची यादी करून प्रत्येक कामापुढे चार रकाने ठेवावेत: तेव्हा किती जण होते, आता किती आहेत, मजुरी कशावर ठरते आणि काम स्त्रिया करतात की पुरुष. जुन्या काळची संख्या आठवणीवर विसंबून न लिहिता, त्या काळी किती मागांमागे किती माणसे लागत, हे तीन-चार वेगवेगळ्या कारखान्यांतील जुन्या माणसांना विचारावे आणि मागांच्या संख्येने गुणावे. माणसांची एकूण संख्या लोक फुगवून सांगतात, पण 'एक जण किती माग चालवायचा' याचे उत्तर सहसा नेमके मिळते.

सरकारी आकडे कोठे उपयोगी आणि कोठे फसवे

वार्षिक उद्योग पाहणीत वीज वापरणारे आणि किमान १० कामगार असलेले नोंदणीकृत कारखाने येतात. यंत्रमागाचे असंख्य कारखाने कागदोपत्री या मर्यादेच्या खाली ठेवलेले असतात, त्यामुळे गावातील बरेचसे वास्तव या पाहणीबाहेर राहते. त्याकरिता असंघटित उद्योगांची स्वतंत्र पाहणी वापरावी. आवर्ती श्रमबल पाहणी २०१७ मध्ये सुरू झाली. राज्यपातळीवरील कल पाहण्यासाठी ती उत्तम आहे, मात्र तिच्या जुन्या फेऱ्यांतून एका जिल्ह्यातील एका धंद्याचा आकडा काढू नये, कारण नमुना तेवढा मोठा नसतो. शिवाय जॉबवर्क करणारा, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा खर्चीवाला यंत्रमागधारक तेथे 'स्वयंरोजगारी' म्हणून नोंदला जातो. त्याच्या मिळकतीत झालेली घट मजुरीच्या तक्त्यात उमटतच नाही, आणि इचलकरंजीसारख्या गावात नेमका हाच वर्ग दोन्हीकडून चेपला जातो.

विजेचा वापर हा कमी वापरला जाणारा पण मोलाचा पुरावा आहे. यंत्रमागांना वीजदरात सवलत असल्याने त्यांची ग्राहक म्हणून वेगळी वर्गवारी असते. जोडण्यांची संख्या आणि विकली गेलेली युनिटे यांचा काही वर्षांचा आकडा माहितीच्या अधिकारात मागता येतो. जोडण्या तेवढ्याच आणि युनिटे घटली, तर माग बंद उभे आहेत; जोडण्या घटल्या आणि युनिटे वाढली, तर काम थोड्या, मोठ्या हातांत गेले आहे. माझ्या मते गावपातळीवर यासारखा निर्मळ आकडा दुसरा नाही.

एका मीटरचा हिशेब

आता मुख्य काम. यंत्राचा परिणाम शोधायचा तर कारखान्यापासून सुरुवात न करता एका मीटर कापडापासून करावी. इचलकरंजीत मजुरी '५२ पिकाला इतके पैसे' अशी बोलली जाते. ५२ पिक म्हणजे एका इंचात ५२ आडवे धागे. एका मीटरमध्ये ३९.३७ इंच, म्हणजे सुमारे २,०४७ धागे पडतात. खालील हिशेबातील वेग, मजुरी आणि मागांची संख्या ही केवळ पद्धत समजावी म्हणून धरली आहे. आपल्या गावातील आकडे आपण भरावेत.

साधा माग मिनिटाला १४० धागे टाकतो आणि धागा तुटणे, कांडी बदलणे यांत वेळ जाऊन ८० टक्के वेळ चालतो, असे धरू. १२ तासांच्या पाळीत एका मागावर सुमारे ३९ मीटर कापड निघते. एक विणकर ६ माग चालवत असेल, तर पाळीचे सुमारे २३६ मीटर झाले. मजुरी मीटरला दीड रुपया असेल, तर त्याच्या हातात ३५४ रुपये येतात.

एअरजेट माग, म्हणजे हवेच्या झोताने आडवा धागा फेकणारा शटललेस माग, मिनिटाला ७०० धागे टाकतो आणि ९० टक्के वेळ चालतो, असे धरू. त्याच पाळीत, पन्हा (कापडाची रुंदी) तेवढाच मानून, एका मागावर सुमारे २२१ मीटर निघतात. एक कामगार असे ८ माग पाहतो, म्हणजे सुमारे १,७७० मीटर. त्याला पाळीचे ७०० रुपये मिळतात असे समजू.

या दोन परिच्छेदांतून तीन निष्कर्ष निघतात आणि तिन्ही एकत्रच मांडावे लागतात. कामगाराची रोजची मिळकत ३५४ वरून ७०० झाली, म्हणजे ज्याला काम मिळाले त्याचे भले झाले. एका मीटरमागे विणाईची मजुरी दीड रुपयावरून सुमारे ४० पैशांवर आली, म्हणजे कापडाच्या किमतीतील श्रमाचा वाटा आटला. आणि जे कापड विणायला साडेसात विणकर लागत होते, ते आता एक जण काढतो. म्हणजे विणकरांची संख्या टिकायची असेल तर गावाचे उत्पादन साडेसातपट व्हायला हवे. कारखानदार पहिला मुद्दा सांगतो, संघटना तिसरा सांगते आणि दुसऱ्याकडे सहसा कोणाचेच लक्ष नसते. विषमतेचा धागा मात्र त्या दुसऱ्यातच आहे.

कारण पुढचा प्रश्न असा, की मीटरमागे वाचलेला एक रुपया दहा पैसे कोठे गेला? तो कर्जाच्या हप्त्यात गेला का, वाढलेल्या वीजबिलात आणि हवेच्या कॉम्प्रेसरवर गेला का, सुताच्या गिरणीने दर वाढवून ओढून घेतला का, व्यापाऱ्याने कापडाचा भाव पाडून घेतला का, मालकाच्या नफ्यात राहिला का, की कापड स्वस्त होऊन गिऱ्हाइकापर्यंत पोहोचला? यासाठी दोन-तीन विश्वासू मालकांकडून सुताचा दर, विजेचा दर, कर्जाचा हप्ता आणि कोऱ्या (न धुतलेल्या, न रंगवलेल्या) कापडाचा विक्रीदर मिळवावा आणि दोन काळांसाठी मीटरचा तक्ता मांडावा. मालक नफा सांगत नाहीत, पण इतर सगळे सांगितले की तो वजाबाकीने निघतो. कापड स्वस्त झाले असेल तर त्याचा लाभ लाखो ग्राहकांत थोडा थोडा वाटला जातो आणि तोटा मात्र एका गल्लीतल्या शे-दोनशे घरांवर कोसळतो. देशाच्या सरासरीत जमा मोठी दिसते आणि गल्लीत खर्च मोठा दिसतो. तपास करणाऱ्याने दोन्ही बाजू दाखवाव्यात.

येथेच कर्जाचाही प्रश्न येतो. व्याजाची सवलत कागदावर सर्वांना होती, पण कर्जासाठी तारण लागते. ज्याच्याकडे जागा होती त्याने शटललेस माग घेतले. ज्याचे चार-सहा साधे माग भाड्याच्या शेडमध्ये होते, तो जुन्याच मागांवर राहिला आणि आता त्याच बाजारात नव्या यंत्राच्या दराशी स्पर्धा करतो आहे. म्हणून मालकांमधील विषमता हा वेगळा रकाना ठेवावा. 'मालक विरुद्ध कामगार' एवढीच मांडणी केली, तर सहा माग विकून दुसऱ्याच्या शेडमध्ये विणकर झालेला माणूस कोणत्याच बाजूला मोजला जात नाही.

व्यापाराचा परिणाम कसा ओळखावा

ढोबळ खूण अशी: उत्पादन टिकून किंवा वाढून माणसे घटली असतील, तर आधी यंत्राकडे पाहावे; उत्पादन, भाव आणि माणसे तिन्ही एकदम घटली असतील, तर आधी व्यापाराकडे आणि मागणीकडे पाहावे. ही केवळ सुरुवात आहे, निकाल नव्हे.

त्यानंतर वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यातीच्या आकडेवारीत आपल्या गावचा माल कोणत्या प्रकरणात (मालाच्या वर्गवारीतील दोन अंकी क्रमांकात) मोडतो ते शोधावे. सुती धागा व कापड ५२ मध्ये, कृत्रिम धाग्यांचे कापड ५४ व ५५ मध्ये, विणीचे होजियरी कापड ६० मध्ये, तयार कपडे ६१ व ६२ मध्ये आणि चादरी-टॉवेल ६३ मध्ये येतात. रुपयांतील मूल्य आणि किलो किंवा चौरस मीटरमधील प्रमाण दोन्ही घ्यावे व एकाला दुसऱ्याने भागून भाव काढावा. आयातीचे प्रमाण वाढताना तिचा भाव घसरत असेल, तर दबाव खरा आहे. २०२४ मध्ये सरकारला कृत्रिम धाग्यांच्या काही होजियरी कापडांवर किमान आयात किंमत लावावी लागली, ती अशाच घसरलेल्या भावांमुळे. तरीही इचलकरंजीच्या सुती कोऱ्या कापडाचा विणकर चीनच्या कृत्रिम कापडाने मेला, असे थेट म्हणता येत नाही. ग्राहकाने सुती सोडून कृत्रिम कापड धरले का, हा मधला दुवा दाखवावा लागतो.

आयातीपेक्षा कच्च्या मालाच्या व्यापाराकडे अधिक बारकाईने पाहावे, कारण महाराष्ट्रात त्याची दोन्ही टोके आपल्याच माणसांकडे आहेत. २०२२ मध्ये कापसाचा भाव ३५६ किलोच्या खंडीला एक लाख रुपयांच्या वर गेला. यवतमाळच्या ज्या शेतकऱ्याकडे तोवर कापूस शिल्लक होता त्याला ते वर्ष चांगले गेले. सुताचे दर भडकल्याने साध्या मागाच्या मालकाने पाळ्या कमी केल्या आणि विणकराचे दिवस बुडाले. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते उठवले, तेव्हा गिरण्यांना हायसे वाटले आणि कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर भाव पडणार म्हणून शेतकरी संघटनांनी विरोध केला. एकाच निर्णयाने एका घटकाचे उत्पन्न वाढते आणि दुसऱ्याचे घटते. दोघेही गरीबच असतील, तर त्या निर्णयाने विषमता वाढली की घटली, हे कापूस कोणत्या महिन्यात कोणाच्या घरात होता यावर ठरते. लहान शेतकरी देणी फेडण्यासाठी माल लवकर विकतो. भाववाढीचा फायदा बहुधा साठवण करू शकणाऱ्याला मिळतो. म्हणून भावाच्या तक्त्याशेजारी आवकेचा मासिक तक्ता ठेवावा. तो बाजार समितीकडे मिळतो.

निर्यातीला बसलेला अचानक धक्का मात्र तपासासाठी सोयीचा असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील वाढीव शुल्क एकूण ५० टक्क्यांवर नेले. टॉवेल निर्यात करणाऱ्या सोलापूरसारख्या गावात, त्याच महिन्यांत देशी बाजारासाठी माल काढणारे आणि अमेरिकेला माल पाठवणारे कारखाने शेजारी शेजारी असतात; यंत्रे सारखी, विजेचा दर सारखा, सुताचा दर सारखा. दोघांच्या पाळ्यांतील आणि मजुरीतील फरक काढला, तर तो बहुतांशी व्यापाराचाच असतो. अशा घटनेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच हजेरीपटाच्या नोंदी गोळा कराव्यात. नंतर त्या मिळत नाहीत.

संपूर्ण जिल्ह्यांची तुलना करायची असेल, तर पेटिया टोपालोवा या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने भारतातील १९९१ नंतरच्या शुल्ककपातीचा अभ्यास करताना वापरलेली युक्ती उपयोगी आहे. सुधारणांपूर्वी प्रत्येक जिल्ह्यात कोणत्या धंद्यात किती टक्के लोक होते ते पाहून, त्या त्या धंद्यावरील शुल्क किती घटले याने त्यांनी गुणले आणि कोणता जिल्हा स्पर्धेला किती उघडा पडला याचा एक आकडा काढला. अधिक उघड्या पडलेल्या ग्रामीण जिल्ह्यांत गरिबी इतरांपेक्षा कमी वेगाने घटली, असे त्यांना आढळले. यात मर्म असे, की लोकांची वाटणी बदल होण्यापूर्वीची घ्यायची. नंतरची घेतली, तर धक्क्याने जे धंदा सोडून गेले तेच हिशेबातून सुटतात.

तिसरे कारण विसरू नये

मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण प्रत्येक तपासणाऱ्याने डोळ्यांसमोर ठेवावे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतील फार मोठा भाग पुन्हा गिरणीत परतलाच नाही. हे काम कोणी हिरावून घेतले? परदेशी कापडाने नव्हे. त्या काळी कापडाच्या आयातीवर कडक बंधने होती. अधिक चांगल्या यंत्राने तर नव्हेच. भिवंडीतल्या कित्येक शेडमध्ये गिरण्यांनी मोडीत काढलेले जुनेच माग चालत होते. काम गेले ते कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी, राज्य विमा आणि बोनस असलेल्या ठिकाणाहून यांपैकी काहीच नसलेल्या ठिकाणी. संपापूर्वीपासूनच ही वाट सुरू झाली होती; संपाने ती रुंद केली.

देशातील विणकरांची एकूण संख्या पाहिली, तर या बदलात फारसे काही बिघडल्याचे दिसणार नाही. उत्पन्न आणि सुरक्षितता पाहिली, तर पिढीच्या पिढी खाली घसरलेली दिसते. यंत्र मागे गेले, व्यापार जागेवर राहिला आणि विषमता वाढली. म्हणजे कायदा कोठे लागू होतो आणि कोठे होत नाही, हे तितकेच बलवान कारण आहे. म्हणून आपल्या तक्त्यात प्रत्येक कामापुढे हजेरीपट आहे का, निधी कापला जातो का आणि पाळी आठ तासांची आहे की बारा, हे तीन प्रश्न जोडावेत. बारा तासांची मजुरी आठ तासांच्या मजुरीशेजारी ठेवून 'वाढली' म्हणणे ही चूक छापील अहवालांतही सापडते. मजुरी नेहमी तासावर आणून तुलना करावी.

मिळकत विचारण्याची रीत

'महिन्याला किती मिळतात?' असे विचारू नये. मजुरी आठवड्याला होत असेल तर मागच्या आठवड्यात किती दिवस माग चालला, किती मीटर निघाले, दर काय होता आणि उचल किती कापली गेली, असे विचारावे. त्यातून महिन्याचा आकडा आपण काढावा. मंदीचा आठवडा आणि तेजीचा आठवडा दोन्ही घ्यावेत. बाहेरगावाहून आलेल्या कामगाराच्या बाबतीत घरभाडे आणि गावी पाठवलेली रक्कम वेगळी नोंदवावी.

जुनी आणि नवी मजुरी थेट ताडून पाहता येत नाही. महागाई काढून टाकावी लागते. त्यासाठी केंद्र सरकारच्या श्रम ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक वापरावा आणि आपल्या गावाचे केंद्र नसेल तर जवळचे केंद्र घ्यावे. येथे एक अडचण येते. २०१६ पायाभूत धरलेली नवी मालिका २०२० मध्ये आली. नव्या मालिकेतील आकडा २.८८ ने गुणला की तो २००१ च्या मालिकेशी जुळतो, आणि २००१ च्या मालिकेतील आकडा ४.६३ ने गुणला की १९८२ च्या मालिकेशी. हे न करता दोन मालिका चिकटवल्या, तर महागाई अचानक कोसळल्यासारखी दिसते आणि मजुरी दुपटीहून अधिक वाढल्याचा भास होतो.

विषमता मोजायला गिनी गुणांकच (विषमता एका आकड्यात सांगणारे माप) हवा असे नाही. सगळ्या नोंदवलेल्या मिळकती चढत्या क्रमाने लावाव्यात. खालून दहाव्या टक्क्यावरची, मधली आणि नव्वदाव्या टक्क्यावरची मिळकत घ्यावी. वरच्याला मधल्याने आणि मधल्याला खालच्याने भागावे. पहिला भागाकार वाढला असेल, तर वरचे सुटून पुढे गेले. दुसरा वाढला असेल, तर खालचे मागे पडले. या दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत. त्याखेरीज मूल्यवर्धनातील, म्हणजे विक्रीतून कच्च्या मालाचा व इंधनाचा खर्च वजा जाता जे उरते त्यातील, मजुरीचा वाटा काढावा. देशातील संघटित कारखान्यांत हा वाटा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ३० टक्क्यांच्या आसपास होता आणि २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात १० टक्क्यांच्या आसपास आला. आपल्या मीटरच्या तक्त्यातील वाटा याच्याशी ताडून पाहता येतो, मात्र तो तक्ता असंघटित कारखान्यांचा आहे हे ठळकपणे नमूद करावे.

निष्कर्ष लिहिताना

शेवटी तुलनेसाठी दुसरे गाव घ्यावे. इचलकरंजीत शटललेस माग बरेच आले. मालेगावात साध्या मागांचेच प्राबल्य राहिले. सुताचा बाजार, कर आणि आयात दोन्हीकडे साधारण सारखी. जेथे यंत्र बदलले नाही तेथेही विणकर घटले असतील किंवा मजुरी गोठली असेल, तर घटीचा सगळा दोष नव्या मागावर टाकता येत नाही. मालाचा प्रकार वेगळा असल्याने ही तुलना पूर्णांशाने निर्दोष नाही, तरी एकाच गावावरून काढलेल्या निष्कर्षापेक्षा ती खात्रीची आहे.

अहवालात प्रत्येक निष्कर्षापुढे पुरावा कोणत्या प्रकारचा आहे ते लिहावे: मोजलेला, हिशेबाने काढलेला की सांगीव. 'विणकरांतील घटीपैकी बराचसा भाग यंत्राचा, पाळ्यांतील अलीकडची घट मुख्यतः सुताच्या दराची आणि कांडी कामगारांतील घट संपूर्णपणे यंत्राची' अशा स्वरूपाचे, कामागणिक वेगळे विधान करता आले, तर तपास नीट झाला असे समजावे. छापण्यापूर्वी मीटरचा तक्ता ज्यांनी आकडे दिले त्या विणकरांना, जॉबरला आणि खर्चीवाल्याला एकत्र बसवून वाचून दाखवावा. चुका तेथल्या तेथे निघतात, आणि मजुरीच्या पुढच्या वाटाघाटीत टेबलावर ठेवता येईल असा कागद त्यांच्याही हाती राहतो.